ऊन खाणारी भिंत

सत्यभामाच्या पोटात आनंद म्हणून कधी टिकला नाही. गाय गाभण आहे की नाही हे जनावरांच्या डॉक्टरनं अजून सांगितलेलं नसायचं, आणि हिनं तोवर आळीतल्या बायकांना खरवसाचं आवतण देऊन टाकलेलं असायचं. खुशीत असली की ती चालत नसे, पळत असे. बोलत नसे, हाका मारत असे. तिची सासू मनकर्णाबाई म्हणायच्या, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. आमच्या घरी नवरा थंड हाय, बाशिंग सुनेच्या गुडघ्याला हाय." गहिनीनाथ, म्हणजे तो थंड नवरा, हे ऐकून नुसता हसायचा आणि गुरांकडं निघून जायचा.

खडकवाडी चौसाळ्याहून आत, डोंगराच्या अंगाला. जमीन अशी की नांगराला माती कमी लागायची आणि दगड जास्त. सत्यभामाचं माहेर केजकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लग्न होऊन ती इथं आली आणि पहिल्याच दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. मग दर वर्षी तेच. दसऱ्याला कोयत्याची पूजा करायची, दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा, आणि उन्हाळा लागेपर्यंत परक्या मुलखात पाचटाच्या खोपीत राहायचं. लेकरं गावात, आजीपाशी. धाकटीचं पहिलं पाऊल सत्यभामानं पाहिलं नव्हतं. एकदा ती फडावरून परत आली, तर ती पोर आईला ओळखेना. आजीच्या लुगड्यामागं जाऊन लपली. हा कोयता आता बास, असं सत्यभामानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

ठरवायला काय लागतं? पण ही बाई ठरवून थांबणारी नव्हती. तिनं एक गाय घेतली. तिची बघून शेजारणीनं घेतली, शेजारणीची बघून तिच्या जावेनं. बघता बघता बायकांची दूध संस्था उभी राहिली आणि चेअरमन झाली सत्यभामा. कारण साधं होतं. गावाच्या या टोकावरून त्या टोकाला फोनशिवाय पोचेल असा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता. कोयता पोत्यात गुंडाळून आढ्याला खोचला गेला. दसऱ्याला मनकर्णाबाई तो खाली काढायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि परत वर खोचायच्या. तो परत वर जाईपर्यंत सत्यभामाची नजर हलत नसे.

अशी चार-दोन वर्षं सुखाची गेली, आणि मग अठराच्या सालचा पावसाळा आलाच नाही. मृग गेला, हस्त गेला. कपिलधारच्या धबधब्याची धार आटली. विहिरीच्या तळाचे दगड दिसायला लागले. गुरं चाऱ्याच्या छावणीवर गेली, प्यायचं पाणी टँकरवर आलं. गायी आटल्या, तरी दूध पार थांबलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ बायका छावणीवर जाऊन धारा काढत आणि कॅन डोक्यावर घेऊन येत. गावात त्या वर्षी पिकत होतं ते तेवढंच. अडचण एकच होती. दूध थंड करायची सोय चौसाळ्याला, आणि तिथं पोचेपर्यंत निम्मं दूध उकाड्यानं फाटायचं. गावात टाकी बसवावी तर लाईटचा भरवसा नाही. ती यायची तेव्हा माणसं झोपलेली, आणि दुधाच्या वेळेला हटकून गुल.

जिल्ह्याच्या दूध संघाकडं सत्यभामानं इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई तिला न विचारता पाणी आणून द्यायचा. शेवटी संघानं मान्य केलं. दूध थंड करायची एक लहान टाकी, सगळे तिला कूलरच म्हणायचे, आणि ती चालवायला सोलरच्या प्लेटा. मात्र अट घातली. हे सारं अक्षय तृतीयेपर्यंत, अजमावून बघायला. त्या दिवशी, भर उन्हाळ्यात, सकाळचं आणि संध्याकाळचं दूध गार राहिलं तर कूलर खडकवाडीचा. नाही राहिलं तर तो चौसाळ्याच्या संस्थेला. तिथले बबनराव सभ्य गृहस्थ होते. त्यांनी एक दिवस येऊन सत्यभामाच्या हातचा चहा घेतला, कूलरचं कौतुक केलं, आणि जाता जाता आपल्या दारातून तो आत जाईल का हे विती लावून मोजून घेतलं.

कूलर गेला तर काय होणार, हे कुणी बोलत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. बायका गायी विकणार आणि येत्या दसऱ्यानंतर घरोघरचे कोयते आढ्यावरून खाली येणार, ते परत वर न जाण्यासाठी.

प्लेटा घेऊन आला तो संघाचा इंजिनिअर मुंजाजी, केजचाच पोरगेला माणूस. संस्थेचं काम चालायचं जुन्या गोदामात. भिंती काळ्या दगडाच्या, किल्ल्यासारख्या. पण वरचा पत्रा इतका गंजलेला की त्यावर कावळा बसला तरी खालचे वर बघत. पत्र्यावर प्लेटा ठेवणं शक्यच नव्हतं. पुढचं अंगण देवस्थानचं, तिथं खांब रोवायला देवस्थानची ना. राहिल्या भिंती. मुंजाजी गोदामाभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काकू, निम्म्या प्लेटा उगवतीच्या भिंतीला लावू, निम्म्या मावळतीच्या."

संक्रांतीचे दिवस होते. दक्षिणेची भिंत सकाळपासून उन्हात न्हाऊन निघाली होती. तिच्या बुडाशी आप्पाराव आणि आश्रुबा, गावातले दोन वडीलधारे, पाय पसरून ऊन खात बसले होते. थंडी पडली की त्यांचा मुक्काम रोज तिथंच. ऊन सरकेल तसे तेही सरकत, पण भिंत सोडत नसत. सत्यभामानं एकदा उगवतीची भिंत पाहिली, एकदा मावळतीची, आणि या भिंतीकडं बोट केलं.

"साहेब, इथं दिवसभर ऊन हाय. दिवसभराची भिंत सोडून अर्ध्या दिवसाची का म्हून घ्यावी?"

"आत्ता आहे हो दिवसभर," मुंजाजी म्हणाला. "पण उन्हाळ्यात इथं ऊन कमी पडेल."

हे ऐकून आधी कुणाला काही कळलंच नाही. मग आप्पाराव खोकत खोकत हसायला लागले, त्यांचं बघून आश्रुबा, आणि मग बायका. सत्यभामाचा तर पदर तोंडाला गेला. "उन्हाळ्यात ऊन कमी? आपल्या बीड जिल्ह्यात? साहेब, पाणी कमी म्हणा, चारा कमी म्हणा, लाईट कमी म्हणा. ऊन कमी पडल्यालं हितं आजवर कुणी बघितलं न्हाई." मुंजाजी केजचा होता, उन्हाळे त्यानंही पाहिले होते. त्याला स्वतःलाच आपल्या बोलण्याचं हसू आलं. तो सूर्य डोक्यावर येतो वगैरे काही सांगू लागला, पण हसणाऱ्या बायकांपुढं इंजिनिअरचं काय चालणार? प्लेटा दक्षिणेच्या भिंतीवर चढल्या.

तोंड वाकडं केलं ते फक्त मनकर्णाबाईंनी. "दक्षिण यमाची. तिकडं तोंड करून आमी दिवासुदिक लावत न्हाई, अन् तू कारखाना लावतीस."

"आत्या, यमाला कशाला हवं आपलं दूध?" असं म्हणून सत्यभामा शिडी धरायला पळाली.

आणि काय सांगावं, देव पावला. पहिल्याच दिवशी यंत्रावरचा आकडा चढत चढत असा गेला की मुंजाजीनंही भुवया उंचावल्या. कूलर घुरघुरायला लागला. संध्याकाळी झाकण उघडलं तर आतून गार वाफ आली. सत्यभामानं मापानं दूध काढलं आणि माप गालाला लावलं. मग प्रत्येक बाईनं लावलं. सुंदरबाई म्हणून एक पोक्त बाई होती, ती म्हणाली, माझ्या दुधाला पहिल्यांदाच थंडी वाजायली. दुपारी आकडा बघायला माणसं येत, जशी पूर्वी नवीन टीव्ही बघायला यायची. प्लेटा काय करतात हे मुंजाजीनं एका वाक्यात सांगितलं होतं, ऊन खातात आणि वीज देतात. आप्पारावांना ते फार आवडलं. "वर प्लेटा ऊन खात्यात, खाली आमी खातो. फरक काय तर आमी वीज देत न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. सत्यभामानं तर चौसाळ्याच्या बाजारात बबनरावांना गाठून सांगितलं, दादा, दाराचं माप विसरून जावा.

होळी झाली, आणि आकडा उतरायला लागला.

आधी वाटलं, धूळ असेल. बायकांनी भांडी विसळलेल्या पाण्यात फडकं बुडवून प्लेटा पुसल्या. आकडा तसाच. उन्हाचा तडाखा वाढत होता, दगडावर अनवाणी पाय ठेववत नव्हता, डोळ्यांसमोर शिवार थरथरायचं, आणि प्लेटा मात्र उपाशी. पाडव्याच्या संध्याकाळी कूलर मध्येच गप्प झाला. सकाळी झाकण उघडलं तर आंबूस वास. सगळं दूध फाटलेलं.

"नजर लागली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तो चौसाळ्याचा इती लावून गेला तवाच मी म्हनले." आणि त्या कामाला लागल्या. काळ्या चिंध्यांची एक बाहुली शिवून त्यांनी ती पत्र्याच्या कडेला, प्लेटांसमोर लोंबती बांधली. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी थोडा उतरला. मनकर्णाबाईंना वाटलं, नजर जबर आहे. त्यांनी लिंबू-मिरची बांधली. आकडा आणखी उतरला. मग एक जुनी चप्पल. सत्यभामाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुंजाजीला फोन करावा तर कुठल्या तोंडानं? सगळ्या गावादेखत त्याला हसली होती ती. घरी गेली की तिचे डोळे आपोआप आढ्याकडं जायचे, आणि कोयता पोत्यातून डोकं बाहेर काढतोय असं वाटायचं. गावभर घुमणारा तिचा आवाज त्या दिवसांत चुलीपुढंही ऐकू येईना.

चैत्राची दुपार होती. फाटलेल्या दुधाचा कॅन रिकामा करून सत्यभामा गोदामाकडं आली. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आणि दक्षिणेच्या भिंतीच्या बुडाशी आप्पाराव आणि आश्रुबा पाय पसरून बसलेले. सत्यभामा आधीच वैतागलेली. त्यांना बघून तिचा जीवच वरखाली झाला.

"आप्पा, ऊन लागंल की. भर दुपारचं हितं का म्हून बसलाव?"

"ऊन?" आप्पारावांनी तंबाखू मळणं थांबवलं. "सावलीला बसलोय, सूनबाई."

सत्यभामानं खाली पाहिलं. दोघांचे पाय सावलीत होते. भिंतीला लागून सावलीची एक पट्टी गेली होती, गार, काळीशार. तिनं वर पाहिलं. पत्र्याच्या वळचणीची सावली भिंतीवर खालपर्यंत उतरली होती, आणि त्या सावलीत प्लेटा टांगलेल्या होत्या. सूर्य होता कुठं? डोक्यावर, पार डोक्यावर. भिंतीकडं त्याचं लक्षच नव्हतं.

"आप्पा, थंडीत तुमी हितंच ऊन खात बसायचाव ना?"

"मग? थंडीत ऊन खातो, उन्हाळ्यात सावली खातो. भिंत तीच. का बे आश्रुबा?"

आश्रुबा हो म्हणाले की नाही हे सत्यभामानं ऐकलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज ती या दोघांसमोरून जात होती, रोज त्यांना रामराम करत होती, आणि कारण त्यांच्या पायाशी पसरलेलं होतं. ती हसायला लागली. एकटीच, भर उन्हात, रिकामा कॅन हातात घेऊन. प्लेटा खराब झाल्या नव्हत्या. नजरबिजर काही नव्हती. उन्हाळ्यात ऊन कमी पडत होतं, बीड जिल्ह्यात पडत होतं, आणि तिला ते कळायला तीन महिने लागले होते. एवढा आनंद तिला गाय व्यालेली ऐकूनही झाला नसता.

संध्याकाळी ती मावळतीच्या भिंतीपाशी गेली आणि तळहात टेकवला. भिंत तव्यासारखी तापलेली. तिनं हात झटकला आणि पुन्हा टेकवला, खात्री म्हणून. सकाळी दुधाच्या वेळेला उगवतीच्या भिंतीवर हात ठेवला. दगड कोवळ्या उन्हात ऊबदार होत चाललेला, आणि धारा काढून बायका तिकडूनच येत होत्या. सकाळचं दूध यायच्या वेळेला सकाळची भिंत. संध्याकाळचं दूध यायच्या वेळेला संध्याकाळची भिंत. मुंजाजी हेच तर सांगत होता. ती तिथल्या तिथं उभी राहिली आणि तिनं फोन लावला.

"मुंजाजीभाऊ, मी हसले तुमाला. आता तुमी हसा. पण लवकर या."

पलीकडून तो खरंच हसला. "काकू, मी आलो असतो सांगायला. पण त्या दिवशी तुमचं ऐकून मलाच वाटलं, बीडमध्ये ऊन कमी पडतं म्हणणारा मी कोण?"

संघाची परवानगी, जास्तीची वायर, भिंतीतले खिळे, सगळं जुळेपर्यंत अक्षय तृतीया येऊन ठेपली. उगवतीच्या प्लेटा आदल्या दिवशी चढल्या. अक्षय तृतीयेच्या सकाळी, अजून चहासुद्धा झाला नव्हता, तोच बबनरावांचा टेम्पो दारात. सोबत दोरखंड, गोणपाट आणि चार माणसं. बबनराव नमस्कार करून एका बाजूला खुर्ची मागवून बसले. घाई त्यांना नव्हतीच.

सूर्य वर आला. उगवतीची भिंत आधी तांबूस झाली, मग पिवळी. यंत्रावरचा आकडा हलला. सत्यभामा त्याच्याकडं अशी बघत होती, जशी उतू जाणाऱ्या दुधाकडं बघतात. आकडा चढला, आणखी चढला, आणि कूलर घुरघुरला. सकाळचं दूध पडलं आणि गार झालं. बायकांनी टाळ्या पिटल्या. बबनरावांनी मापातलं दूध हातावर घेऊन पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "सकाळ तुमची. आता संध्याकाळ बघू." टेम्पो हलला नाही.

दुपारपर्यंत मावळतीच्या प्लेटा चढल्या. मुंजाजी घामानं निथळत होता, शिडी धरून बायकांचे हात आखडले होते. दुपारी सूर्य डोक्यावर आला आणि दोन्ही भिंती झोपल्या. पण त्या वेळेला दूध नसतंच, आणि कूलरच्या जाड अंगात सकाळचा गारवा टिकून होता. सगळे घरी जाऊन पुरणपोळी खाऊन आले. सत्यभामा अर्ध्या ताटावरून उठली. तिनं सासूला एवढंच सांगितलं, "आत्या, आज सांजच्याला कळंल." मनकर्णाबाईंनी हात धुतले आणि काठी घेऊन कुठंतरी बाहेर गेल्या.

संध्याकाळ झाली. ऊन मावळतीच्या भिंतीवर सरळ येऊन आदळत होतं. छावणीकडून बायका कॅन घेऊन निघाल्या. आकडा चढला, आणि मध्येच अडला. कूलर चालू झाला, बंद पडला, पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद. मुंजाजी वायरी तपासायला लागला. सगळं नीट होतं. बबनराव खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांच्या माणसांनी गोणपाट उलगडायला घेतलं.

सत्यभामा पळत मावळतीच्या बाजूला गेली. भिंत उन्हानं उजळलेली होती, आणि त्या उजेडात प्लेटांवर एक काळी सावली मागं-पुढं झुलत होती. दोन हात, दोन पाय. तिच्याखाली लिंबू, मिरच्या, चप्पल. सगळ्याची सावली प्लेटांवर पसरलेली. काळी बाहुली दक्षिणेच्या भिंतीवरून निघून इथं आली होती, आणि यावेळी एकटी नव्हती. सोबतीला दुसरी नवीकोरी होती. मनकर्णाबाई दुपारी कुठं गेल्या होत्या हे आता कळलं.

"काकू, प्लेटा एकीला एक जोडलेल्या आहेत," मुंजाजी मागून आला. "एकीवर सावली पडली की सगळी रांग अडते. जोडीतला एक बैल बसला तर गाडी थोडीच निम्मी चालते?" त्यानं शिडी उचलली.

सत्यभामानं त्याचा हात धरला. बाहुली ज्या हातानं बांधली त्याच हातानं सुटली पाहिजे, नाहीतर बांधणाऱ्यावर उलटते, असं मनकर्णाबाई मानत. खरं-खोटं देव जाणे. पण ही बाहुली त्यांनी वैरानं बांधली नव्हती. भर दुपारी, सणाचं ताट उरकून, दुखऱ्या गुडघ्यांनी इथवर येऊन, काठीच्या टोकानं त्यांनी ती वर अडकवली होती. आणि आयुष्यभर उतावळी म्हणून नाव पडलेली सत्यभामा, टेम्पोवाले गोणपाट पसरत असताना, सावकाश चालत पारापर्यंत गेली, जिथं सासू बसली होती.

"आत्या, जरा येताव का माझ्यासंगं?"

तिनं सासूला भिंतीपाशी आणलं आणि सावलीकडं बोट केलं. "तुमी नजर लागू न्हाई म्हनून बांधली. बरूबर हाय. पन तिची सावली पडायली. सावली पडली की प्लेटा उपाशी ऱ्हात्यात."

मनकर्णाबाई त्या झुलत्या सावलीकडं बघत राहिल्या. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला होता. खडी फोडायच्या कामावर पोटाला फडकं बांधून दिवस काढले होते. उपाशी हा शब्द त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"उपाशी म्हंतीस," त्या म्हणाल्या. "मग ही अवदसा कुणाच्या तोंडाफुडं बांधली मी?" त्यांनी काठी वर केली. दुसऱ्या कुणाला त्यांनी काठी धरू दिली नाही. पहिली बाहुली सुटली. मग दुसरी. लिंबू-मिरची, चप्पल, सगळं पदरात गोळा झालं. भिंत स्वच्छ झाली.

आत कूलर घुरघुरला आणि घुरघुरतच राहिला. कुणीतरी ओरडून आकडा सांगितला. बायका कॅन उपडे करायला लागल्या, एकामागून एक, आणि प्रत्येक कॅनबरोबर हसू फुटत होतं. अंधार पडायच्या आत झाकण उघडलं, तेव्हा गार वाफ वर आली. संक्रांतीला आली होती अगदी तशी. मुंजाजी तिथंच जमिनीवर बसला. बबनरावांनी दूध पुन्हा हातावर घेऊन पाहिलं आणि माणसांना गोणपाट गुंडाळायला सांगितलं. टेम्पोत चढण्यापूर्वी ते मुंजाजीला बाजूला घेऊन म्हणाले, आमच्याही संस्थेला एक भिंत उगवतीची आहे, एक मावळतीची, बघता का एकदा?

टेम्पो रिकामा गेला. सत्यभामा उंबऱ्यात उभी होती. तिला हाका मारायच्या होत्या, पळायचं होतं, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. मनकर्णाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदरात दोन्ही बाहुल्या होत्या.

"आता ह्या कुठं बांधू?"

मनकर्णाबाईंनी नव्या बाहुलीच्या कमरेचा काळा दोरा सोडला. सुनेचा हात ओढून घेतला आणि मनगटावर दोरा गुंडाळून गाठ मारली, घट्ट, दोनदा.

"भिंतीला कोन नजर लावतंय? लावलीच तर तुला लावत्याल," त्या म्हणाल्या. "अन् तो आढ्याचा कोयता. या दसऱ्याला मी खाली काढनार न्हाई. गंज चढला तर चढू दे."

काठी टेकत त्या घराकडं निघून गेल्या. सत्यभामा मनगट छातीशी धरून उभी राहिली. त्या संध्याकाळी तिनं कुणाला हाक मारली नाही की कुणाला काही सांगितलं नाही. सासरी आल्यापासून आनंद तिच्या पोटात पहिल्यांदाच मुक्कामाला राहिला.

एका रात्रीपुरताच म्हणा. दुसऱ्या दिवशी उगवतीच्या भिंतीवर ऊन येईपर्यंत साऱ्या खडकवाडीला तो दोरा दाखवून झाला होता.